शेवचेन्कोसाठी एक शब्द

ग्रंथालयाच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ऑगस्ट लागला होता. "ताई, जानेवारीच्या व्याख्यानमालेत एक दिवस शीतयुद्धाला दिलाय. तुम्हाला रशियन येतं. तिकडून फुटून अमेरिकेकडे गेलेल्या एखाद्या बड्या अधिकाऱ्यावर बोला की. पन्नास मिनिटं." मी हो म्हटलं आणि वही उघडून विषय लिहायला घेतला. 'सोव्हिएत' एवढं लिहून झालं आणि पुढचा शब्द अडला. इंग्रजीत 'डिफेक्टर' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत काय लिहायचं?

कार्यवाह 'फुटून' म्हणाले होते. आमदार फुटतात, पेपर फुटतो, साक्षीदारही फुटतो आणि वर्तमानपत्रात त्याचा 'फितूर साक्षीदार' होतो. पक्षांतर म्हणावं तर डोळ्यांपुढे विधानसभा येते. पळपुटा म्हणावं तर रणांगण. हा अडलेला शब्द पुढचे पाच महिने माझ्या मानगुटीवर बसला होता, म्हणून व्याख्यान कसं घडलं हे सांगताना सुरुवात त्याच्यापासूनच करते.

आमच्या घरात 'फितूर' हा शब्द कधी हलक्यात घेतला गेला नाही. आप्पा गिरणीत साच्यावर होते, लाल बावट्याचे. परळच्या चाळीत आमची एक खोली. आमच्या वह्यांना 'सोविएत देश'च्या गुळगुळीत रंगीत पानांची कव्हरं असायची. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं प्रदर्शनाच्या गाडीवर अगदी स्वस्तात मिळायची, आणि ती आणायला आप्पांचा हात कधी आखडला नाही. त्या पुस्तकांच्या ओढीनंच मी पुढे पेडर रोडवरच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात रशियन शिकायला गेले आणि भाषांतरावर पोट भरलं. तो देश सोडून शत्रूकडे जाणारा माणूस म्हणजे आमच्याकडे सूर्याजी पिसाळच. आप्पा आता ८७ वर्षांचे आहेत, माझ्याकडेच असतात. मी जे काही लिहिते ते रात्रीच्या जेवणानंतर त्यांना वाचून दाखवते. हेही वाचून दाखवावं लागणार होतं.

आधी माणूस ठरवायचा होता. ओटावाच्या सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक लिपीचा कारकून इगोर गूझेन्को ५ सप्टेंबर १९४५ च्या संध्याकाळी १०९ कागद घेऊन बाहेर पडला. त्याची गोष्ट वेगवान आहे, पण तो अगदी खालच्या पायरीवरचा. व्हिक्टर क्रावचेन्को इंजिनिअर. १९४४ साली वॉशिंग्टनच्या सोव्हिएत खरेदी मंडळातून निघून गेला आणि १९४९ मध्ये पॅरिसच्या कोर्टात बदनामीचा दावा जिंकला. त्या दाव्यावरच एक स्वतंत्र व्याख्यान होईल. कार्यवाहांना मनातून स्वेतलाना हवी होती, स्टालिनची मुलगी, कारण ती दिल्लीतून गेली. आपले भारतीय साथीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली आणि ६ मार्च १९६७ ला दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीच्या पायऱ्या चढली. पण ती अधिकारी नव्हती. दिल्लीतूनच १९७० साली सोव्हिएत वकिलातीत काम करणारा युरी बेझमेनोव हिप्पीच्या वेशात सटकला, त्याचाही विचार केला.

शेवटी अर्कादी शेवचेन्को घेतला, १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या मोठ्या पदावरून अमेरिकेकडे गेलेला. एक तर तोवर गेलेल्या सोव्हिएत मुत्सद्द्यांत इतका वरचा दुसरा कोणी नव्हता. दुसरं म्हणजे या माणसाला कशाचीच कमी नव्हती. छळलेला, उपाशी, तुरुंगाच्या भीतीनं पळालेला माणूस समजून घ्यायला सोपा असतो. सगळं मिळालेला माणूस का जातो, हे मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं.

कामाची पद्धत माझी जुनीच. गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर फाडून पानं उलटी केली आणि पाठीवर तीन रकाने आखले. पहिल्यात 'तो म्हणतो', दुसऱ्यात 'इतर म्हणतात', तिसऱ्यात 'कागद म्हणतो'. त्याचं आत्मचरित्र १९८५ साली अमेरिकेत आलं आणि भरपूर खपलं. पहिला रकाना त्यातून भरला. दुसऱ्यात वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रीनिन यांच्या आठवणी आणि शेवचेन्कोच्या मुलानं पुढे रशियात दिलेल्या मुलाखती. तिसऱ्यात १९७८ ची वर्तमानपत्रं आणि कायदे-करार.

हे रकाने नसते तर मी फसले असते. पुस्तक फार वाचनीय आहे. त्यात गुप्त भेटी आहेत, पाठलाग आहे, संवाद तर शब्दश: दिलेले आहेत. पण ते आलं त्याच वर्षी एडवर्ड जे एपस्टाईन या अमेरिकी पत्रकारानं त्यातल्या अनेक प्रसंगांवर शंका घेतली होती. मग मी नियम केला की संवाद एकही घ्यायचा नाही आणि ज्या गोष्टीला दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात आधार नाही ती व्याख्यानात बोलायची नाही. सगळ्यात चटकदार अकरा पानं अशी गेली. हळहळ वाटली, पण जे उरलं ते पुरेसं होतं.

शेवचेन्को ११ ऑक्टोबर १९३० ला पूर्व युक्रेनमधल्या गोर्लोव्का या कोळशाच्या गावी जन्मला. वडील डॉक्टर. बालपण क्रिमियातल्या येवपातोरियाला, समुद्रकाठी. १९४१ मध्ये जर्मन आले तेव्हा कुटुंबाला हलवून अल्ताईकडे नेलं, १९४४ मध्ये परत आणलं. १९४९ साली त्याला मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संबंध संस्थेत प्रवेश मिळाला. परराष्ट्र खात्यातले अधिकारी घडवणारी ही संस्था. तिथे अनातोली नावाचा मित्र मिळाला, आणि त्या मित्राचे वडील होते आंद्रेई ग्रोमिको, जे १९५७ पासून पुढे २८ वर्षं सोव्हिएत परराष्ट्रमंत्री राहिले. १९५१ मध्ये लिओंगिनाशी लग्न झालं. घरात ती लीना.

हे सगळं मी वहीत चार ओळींत उरकलं होतं. पहिल्यांदा थांबले ती १९६० वर.

त्या सप्टेंबरमध्ये निकिता ख्रुश्चेव्ह संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला न्यूयॉर्कला गेले ते विमानानं नाही, 'बाल्तिका' नावाच्या बोटीनं. दहा दिवसांचा प्रवास. सोबतच्या मंडळींत निःशस्त्रीकरणाचा जाणकार म्हणून तिशीला टेकलेला शेवचेन्कोही होता. ख्रुश्चेव्ह यांनी सभागृहात बूट काढला ती हीच आमसभा. पण माझं लक्ष बोटीवर खिळलं. ती न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेली असताना तिच्यावरचा एक एस्टोनियन खलाशी खाली उतरला, शहरात गेला आणि परतलाच नाही, त्यानं अमेरिकेकडे आश्रय मागितला. एकाच बोटीवर दोन माणसं. एकाकडे गमवायला काही नव्हतं, तो पहिल्याच फेरीत उतरला. दुसऱ्याला उतरायला पुढे अठरा वर्षं लागली. कॅलेंडरच्या पाठीवर या दोन वर्षांच्या मध्ये मी लाल रेघ ओढली आणि व्याख्यानाचा आकार दिसायला लागला. हा निर्णय एका रात्रीचा नव्हता, तर त्याला अठरा वर्षं कशानं धरून ठेवलं होतं?

सवलतींनी, असं तो स्वतः लिहितो, आणि इथे माझा त्याच्यावर विश्वास बसतो, कारण ही कबुली त्याला शोभा देणारी नाही. १९६३ ते १९७० तो न्यूयॉर्कच्या सोव्हिएत मिशनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठीच्या सोव्हिएत कचेरीत. मग मॉस्कोला परत, थेट ग्रोमिकोंचा सल्लागार म्हणून, राजदूताच्या दर्जासह. मॉस्कोतलं मोठं घर, वरिष्ठांसाठीची बंद दुकानं, वर परदेशवाऱ्या. १९७३ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांचा उपसरचिटणीस झाला, राजकीय व सुरक्षा परिषद विभागाचा प्रमुख. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. ३८ व्या मजल्यावर बसणारे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम आणि सुरक्षा परिषद यांच्यामधला सगळा कागद त्याच्या विभागातून जायचा.

या पदावर मी चार दिवस अडकले, कारण इथे 'फितूर' हा शब्द पहिल्यांदा डळमळला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम १०० उघडून वाचलं. सचिवालयातल्या कर्मचाऱ्यानं कोणत्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत, दिल्या तर घ्यायच्या नाहीत, आणि सदस्य देशांनीही त्याच्यावर दबाव आणायचा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. शेवचेन्कोनं तशी शपथ घेतली होती. आणि प्रत्यक्षात? सचिवालयातल्या सोव्हिएत नागरिकांना पगाराचा काही भाग आपल्या मिशनकडे भरावा लागायचा. सूचना मॉस्कोहून यायच्या, त्या पाळाव्या लागायच्या. म्हणजे खुर्चीत बसला त्याच दिवसापासून तो संयुक्त राष्ट्रांशी घेतलेली शपथ मोडत होता, तीही मायदेशाच्या हुकमानं. पुढे अमेरिकेसाठी हेरगिरी केली तेव्हा शपथ दुसऱ्यांदा मोडली, शिवाय मायदेशाशी असलेलं इमानही. मग फितुरी मोजायची कुणाच्या बाजूनं? मी हे आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, कलम १०० पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले, "आधी आपल्या माणसांशी, मग बाकीच्या जगाशी. म्हंजी फितूरच." मी वाद घातला नाही. वहीत शब्द तसाच ठेवला, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

१९७५ मध्ये त्यानं अमेरिकी लोकांशी संधान बांधलं. त्याला तेव्हाच निघून जायचं होतं. आश्रय द्या, एवढंच त्याचं मागणं. पण सीआयएनं त्याला थांबवलं. तुम्ही जागेवर राहूनच जास्त उपयोगी पडाल, असं पटवलं. शस्त्रकपातीच्या वाटाघाटींत मॉस्को कुठपर्यंत मागे सरायला तयार आहे, क्रेमलिनमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलंय, न्यूयॉर्कमधल्या सोव्हिएत मुत्सद्द्यांत केजीबीचे कोण आहेत, हे सगळं त्याच्याकडून मिळत होतं. अडीच वर्षांहून जास्त काळ तो दिवसा वाल्डहाइम यांच्या बैठकींना बसायचा, संध्याकाळी ६७ व्या रस्त्यावरच्या सोव्हिएत मिशनमध्ये गुप्त तारा वाचायचा आणि मधल्या फटीत अमेरिकी माणसांना भेटायचा. दार ठोठावलं होतं सुटण्यासाठी. आत घेणाऱ्यांनी त्याला परत त्याच घरात पाठवलं आणि तिथून रोज थोडं थोडं बाहेर आणून द्यायला सांगितलं. हे लिहिताना मला अमेरिकेचाही राग आला, आणि तो मी व्याख्यानातून काढला नाही.

३१ मार्च १९७८, शुक्रवार. मॉस्कोची तार आली, सल्लामसलतीसाठी ताबडतोब या. मे महिन्यात निःशस्त्रीकरणावर संयुक्त राष्ट्रांचं खास अधिवेशन भरणार होतं, त्यामुळे बोलावणं वरकरणी साधंही असू शकत होतं. पण असं बोलावणं येतं आणि गेलेला माणूस परत दिसत नाही, हे त्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तो दिवस लांबवत राहिला आणि अमेरिकी लोकांना म्हणाला, आता नाही थांबता येणार. ६ एप्रिलच्या रात्री लीना झोपलेली असताना त्यानं एक बॅग भरली, तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली आणि मॅनहॅटनमधल्या त्या उंच इमारतीतून खाली उतरून वाट बघत असलेल्या गाडीत बसला.

हा भाग मी ऑक्टोबरच्या एका रात्री वाचून दाखवला. माझ्या मते तो माझ्या लिखाणातला सगळ्यात जमलेला भाग होता. तार, आठवडाभराचा ताण, जिना, गाडी. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर थोड्या वेळानं विचारलं, "बायकोला सांगितलं न्हाई त्यानं?"

"नाही."

"तीन वर्सं ह्ये चाललं होतं, आन् तिला पत्त्या न्हाई?"

"त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, तूही ये म्हणून."

"झोपलेल्या माणसाला चिठ्ठी," आप्पा म्हणाले आणि पाणी मागितलं.

पाणी प्यायल्यावर ते एकदम बाळूकाकांबद्दल बोलायला लागले. बाळूकाका त्यांच्याच खात्यातले, चाळीत समोरच्या खोलीत राहणारे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आठ-नऊ महिन्यांनी बाळूकाका कुणालाही न सांगता पहाटेच्या अंधारात पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर गेले. फुटले. हे मला माहीत होतं. आप्पा त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत, हेही माहीत होतं. पुढचं नव्हतं. "नळावर तिला पाणी भरू देत नव्हत्या बाया," आप्पा म्हणाले. "बाळूच्या बायकूला. तिचा हंडा बाजूला सारायच्या. आमी माडीवरनं बघायचो. तिला तरी कुठं इचारलं हुतं त्यानं."

मी काही बोलले नाही. त्यांनीच हातानं खूण केली, वाच पुढचं. पुढचं माझ्याकडे नव्हतंच. त्या मसुद्यात लीनाला दीड वाक्य मिळालं होतं. चिठ्ठी, आणि 'पुढे तिचा मॉस्कोत दुर्दैवी अंत झाला'. त्या रात्री मी कॅलेंडरची पानं पुन्हा जमिनीवर पसरली आणि चौथा रकाना आखला, 'मागे राहिलेले'.

त्या रकान्यात भराभर भर पडत गेली. ती माहिती आधीपासून माझ्या कागदांतच होती, मी तिच्यावरून हात फिरवून पुढे गेले होते. ९ एप्रिलला वकिलाच्या कचेरीत शेवचेन्को आणि दोन सोव्हिएत राजदूत समोरासमोर बसले, वॉशिंग्टनचे दोब्रीनिन आणि संयुक्त राष्ट्रांतले ओलेग त्रोयानोव्स्की. त्यांनी समजावलं, त्यानं नकार दिला. त्याच सुमारास लीनाला विमानात बसवून मॉस्कोला पाठवलं. महिन्याभरात, मेमध्ये, ती तिथल्या घरात मृतावस्थेत सापडली. आत्महत्या, असं जाहीर झालं. शेवचेन्कोनं ते कधीच मान्य केलं नाही. केजीबीनं मारलं, असं तो अखेरपर्यंत मानत होता. मुलगा तरुण मुत्सद्दी, तेव्हा जिनिव्हात होता. त्यालाही तातडीनं मॉस्कोला नेलं. सोबत दिलेला लष्करी हेरखात्याचा अधिकारी होता व्लादिमीर रेझून. तो रेझून दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, स्वतः जिनिव्हातून ब्रिटनला निघून गेला. मुलाची परराष्ट्र खात्यातली वाट बंद झाली. मुलगी शाळकरी वयाची, मॉस्कोतच होती. आईही गेली आणि बापही.

सोव्हिएत न्यायालयानं शेवचेन्कोला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड दिला. तो अमलात येणार नव्हता. ज्यांना कोणी शिक्षा सुनावली नव्हती, त्यांनी ती भोगली.

आता शब्दाकडे वळते. रशियनमध्ये अशा माणसाला तीन शब्द आहेत. 'इझ्मेन्निक', म्हणजे देशद्रोही, हा कोर्टातला. 'पेरेबेझ्चिक', धावत पलीकडे गेलेला, हा मूळचा लष्करी, सीमा ओलांडणाऱ्या शिपायाचा. तिसरा 'नेवोझ्वराश्चेनेत्स'. हा शब्द मी विद्यार्थिदशेपासून वाचत आले होते, कधी फोडून पाहिला नव्हता. 'ने' म्हणजे न, 'वोझ्वराश्चात्स्या' म्हणजे परतणं. न परतलेला. सोव्हिएत सरकारनं २१ नोव्हेंबर १९२९ ला हुकूम काढला होता. परदेशात नेमणुकीवर असलेला जो अधिकारी परत यायला नकार देईल तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर, त्याची मालमत्ता जप्त, आणि ओळख पटल्यापासून २४ तासांत गोळी. त्या राज्यात गुन्हा जाण्याचा नव्हता. जायला तर सरकारच पाठवायचं, पगार देऊन, पासपोर्ट देऊन. गुन्हा होता न परतण्याचा.

आणि शेवचेन्कोचं सगळं प्रकरण बघा, तार आली ती परत या म्हणून. दोन राजदूत येऊन बसले ते परत चला म्हणून. तो परतला नाही, लीना परतली. मराठीत मला नाम हवं होतं, पण 'न परतलेला' या साध्या विशेषणापुढे एकही नाम टिकेना. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "नेताजी पालकर परत आला हुता. म्हाराजांनी घेतला." खरं आहे. मोगलांकडे जाऊन, धर्म बदलून, पार अफगाणिस्तानापर्यंत जाऊन आलेले नेताजी दहा वर्षांनी, १६७६ मध्ये स्वराज्यात परतले आणि महाराजांनी त्यांना सामावून घेतलं. ज्याला परतायची वाट ठेवलेली असते तो फितूरसुद्धा कधीतरी आपला होतो. स्टालिनची मुलगी १९८४ मध्ये सोव्हिएत संघात परत गेली होती, सरकारनं नागरिकत्वही दिलं, पण दीड वर्षात तिनं पुन्हा देश सोडला. शेवचेन्कोला तेवढीही वाट नव्हती.

अमेरिकेतली वीस वर्षं सांगताना मला हात आवरावा लागला. ऑक्टोबर १९७८ मध्ये एका तरुणीनं टीव्हीवर येऊन, सोबतीचे पैसे तो मला सीआयएच्या पैशातून देतो, असं सांगितलं आणि वर्तमानपत्रांना आठवडाभराचा मजकूर मिळाला. पहिल्या मसुद्यात यावर दीड पान होतं, शेवटी दोन वाक्यं ठेवली. पाच महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या, मुलांचा आवाजही ऐकायला न मिळणाऱ्या एकट्या माणसाची ती अवस्था होती. तिच्यावर सभागृहात हशा पिकवणं मला पटेना. त्या वर्षअखेरीस त्यानं एका अमेरिकी स्त्रीशी लग्न केलं. पुस्तक आलं, पैसा आला, व्याख्यानं झाली. मग १९९१ साल. त्याच वर्षी ती दुसरी पत्नी कर्करोगानं गेली, आणि डिसेंबरात, ज्या देशानं त्याला मृत्युदंड दिला होता तो देशही उरला नाही. पुढे आणखी एक लग्न झालं, तेही टिकलं नाही. पैसा संपत गेला, दारू राहिली. २८ फेब्रुवारी १९९८ ला वॉशिंग्टनशेजारच्या बेथेस्डामधल्या घरात तो मरण पावला. वय ६७. बातमी वर्तमानपत्रांत आली ती काही दिवस उलटून गेल्यावर.

मला पुन्हा पुन्हा खटकत राहिलं ते १९९१ ते १९९८. सोव्हिएत संघ गेल्यावर तांत्रिकदृष्ट्या 'परत' जायला जागाच राहिली नव्हती. गोर्लोव्का एका देशात, मॉस्को दुसऱ्या. क्रिमियातलं ते समुद्रकाठचं गावही तेव्हा युक्रेनमध्ये. न परतलेला हे त्याचं नाव आणि परतायचं ते ठिकाणच नकाशावरून पुसलेलं. या सात वर्षांवर मी व्याख्यानात पाच मिनिटं बोलले. खूप झाली, असं नंतर एकजण म्हणाले. मला अजूनही कमी वाटतात.

व्याख्यानाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचले. दारातल्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'सोव्हिएत फितूर : अर्कादी शेवचेन्को'. मी कार्यवाहांना विनंती केली. ते जरा गोंधळले, म्हणाले, "ताई, फितूर म्हटलं की लोक येतात." पण शिपायाला ओला फडका आणायला सांगितलं त्यांनीच. 'सोव्हिएत' राहिलं, 'फितूर' पुसलं. ओल्या फळ्यावर खडू नीट उठेना, म्हणून 'न परतलेला अधिकारी' ही अक्षरं फिकट आली.

साठेक माणसं होती. अठ्ठावन्न मिनिटं बोलले. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. निवृत्त शिक्षक होते, उभं राहून म्हणाले, "बाई, सगळं ऐकलं. पण शेवटी तो गद्दारच ना?" मी म्हटलं, सोव्हिएत कायद्यानं होय. पण त्यानं फसवलेल्यांची यादी करायची तर पहिलं नाव देशाचं घालायचं की लीनाचं, ते तुम्ही ठरवा. माझ्या यादीत लीना पहिली आहे. सर थोडा वेळ उभे राहिले आणि मग बसले. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी सभा संपल्यावर येऊन तिचं पूर्ण नाव मागितलं. त्यांच्या वहीत मी लिहून दिलं, लिओंगिना, खाली रशियन अक्षरांत एकदा.

घरी आले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आप्पा जागे होते, कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलेलं. मला बघून त्यांनी ते परत घातलं.

"बायकोचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"ती परत गेली त्ये?"

"तेही सांगितलं आप्पा."

त्यांनी मान हलवली. मग यंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाळूचा पोरगा कुठंशी असतो, नालासोपाऱ्याला न्हवं? त्याचा नंबर असंल कुणाकडं तर बघ."